शब्द लक्षात कसे राहतात? लिनिया एरी यांचं संशोधन आणि आपली बाराखडी

मृदुला_एस

वाचता येणाऱ्या माणसाला समोरची पाटी न वाचणं जमतच नाही. नजर पडली की शब्द वाचून झालेला असतो. हे इतक्या झटक्यात कसं होतं, हा प्रश्न लिनिया एरी या मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी जन्मभर लावून धरला. आधी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत, नंतर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत. गेले काही दिवस त्यांचे जुने निबंध वाचतेय आणि भारावून गेलेय, म्हणून हा धागा.

त्यांचं म्हणणं असं, की शब्द चित्रासारखा डोळ्यांनी पाठ होत नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी मुलाला पक्की माहीत असेल, तर शब्दातलं एकेक अक्षर आपापल्या आवाजाला जाऊन चिकटतं आणि सगळं मिळून अर्थासकट स्मरणात बसतं. जोडी माहीत नसेल तर शब्द शंभरदा दाखवा, तो निसटतोच.

१९७९ मध्ये एरी आणि त्यांच्या सहकारी विल्स यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांना काही अर्थहीन शब्द लक्षात ठेवायला दिले. काहींचं स्पेलिंग शिकताना दाखवलं, काही नुसतेच तोंडी म्हणून घेतले. आठवून सांगायच्या वेळी कार्ड समोर नव्हतं. तरी स्पेलिंग पाहिलेले शब्द मुलांना चांगले आठवले. १९८५ चा प्रयोग तर मला फारच आवडला. 'जिराफ' या शब्दासाठी मुलांना दोन प्रकारची बनावट स्पेलिंगं शिकवली. एक 'जे-आर-एफ', म्हणजे आवाजाशी जुळणारं. दुसरं 'डब्ल्यू-बी-सी', आवाजाशी काही संबंध नाही पण दिसायला वेगळं, ठसठशीत. अजिबात वाचता न येणाऱ्या मुलांना दुसरं सोपं गेलं. चार शब्द वाचू लागलेल्या मुलांना मात्र पहिलं सोपं गेलं. म्हणजे वाचनाची सुरुवात झाली की स्मरणशक्ती वेगळ्या रस्त्याने चालायला लागते.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडे पहिलीत 'क का कि की' सुरात म्हणून घेतात, धडे पाठ होतात, पुस्तक बाजूला ठेवलं तरी मुलं धडा 'वाचतात'. हे सगळं पाहता माझं मत झालंय की बाराखडी घोकून घेण्यात पहिलीचं वर्ष वाया जातं. शिक्षक आणि पालक दोघांचेही अनुभव वाचायला आवडतील.

निशिगंध

वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहिते.

भाऊसाहेब_सातारा

मृदुलाताई, लेख उत्तम. पण मत पटलं नाही.

आमच्या पिढीने पाटी-पेन्सिल घेऊन बाराखडी म्हणत म्हणतच अक्षरओळख केली. मनाचे श्लोक, पावकी-निमकी, सगळं तोंडपाठ. त्याच पिढीतून लेखक झाले, न्यायाधीश झाले, इंजिनिअर झाले. आज पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे. स्मरणशक्तीला व्यायाम लागतो आणि तो लहानपणीच द्यावा लागतो.

जिप_गुरुजी

भाऊसाहेब, आदर ठेवून लिहितो. तुमच्या वर्गातले जे लेखक आणि न्यायाधीश झाले ते आपल्याला आठवतात. जे दुसरी-तिसरीत शाळा सोडून गुरं राखायला गेले, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बाराखडी त्यांनीही म्हटली होती.

मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वर्गात रोज दिसणारं एक चित्र सांगतो. मुलगी क ची बाराखडी न अडखळता म्हणते. मग मी फळ्यावर नुसतं 'कु' लिहितो. ती गप्प. मग तिचे ओठ हलायला लागतात, बोटं एकेक करून मिटतात. 'क... का... कि... की... कु!' चेहरा उजळतो. म्हणजे 'कु' हे अक्षर तिला ओळखू आलेलं नाही. ते रांगेत पाचवं आहे एवढं तिला माहीत आहे, म्हणून दर वेळी रांगेच्या टोकापासून चालत येते. 'कुदळ' वाचायचा तर असे तीन फेरे. तिसऱ्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. ती पोरगी ढ नाही. तिला आपण जे शिकवलं ते ती चोख करतेय.

अमेय_के

गुरुजी, तुम्ही जे लिहिलंत त्याचं कारण स्मृतीच्या संशोधनात चक्क सापडतं.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे हातातलं काम करताना तेवढ्यापुरती लागणाऱ्या आठवणीचं, प्रारूप मांडलं. त्यातला एक भाग आवाज क्षणभर धरून ठेवतो. मनातल्या मनात पुन्हा उच्चारलं नाही तर ते पुसले जातात. १९७५ च्या प्रयोगांत दिसलं की साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येतं तेवढंच माणूस असं धरून ठेवू शकतो. म्हणूनच लांब शब्दांची यादी लहान शब्दांच्या यादीपेक्षा कमी लक्षात राहते.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा हिशेब करा. 'कु' ला पोचायला तिने त्याच जागेत 'क का कि की' उच्चारलं. दोन सेकंदांची जागा तिथेच भरली. आधीचं अक्षर टिकणार कुठे?

रेवा_न्यूजर्सी

मृदुला, एरींचं नाव मराठीत वाचून फार आनंद झाला! इथे अमेरिकेत गेली काही वर्षं याच विषयावरून शाळा, पालक, विधिमंडळं सगळीकडे वाद पेटलाय. बऱ्याच शाळांत मुलांना 'चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि अंदाज कर' असं शिकवत. २००० साली इथल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या सरकारी समितीने सांगितलं की अक्षर-आवाज पद्धतशीर शिकवल्याचा फायदा होतो. एरी त्या पॅनेलवर होत्या. तरी वर्गात उतरायला दोन दशकं लागली.

त्यांचं आणखी एक काम सांगते. १९८४ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या अशा मुलांना निवडलं, जी दुकानांच्या आणि कोल्ड्रिंकच्या पाट्या 'वाचत'. मग पेप्सीच्या चिन्हातलं पहिलं अक्षर बदलून 'झेप्सी' केलं. बहुतेक मुलांनी बिनधास्त 'पेप्सी' म्हटलं. रंग आणि आकार ओळखणं चालू होतं, अक्षरांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. घरोघरी 'आमचा तीन वर्षांचा बाळ वाचतो हो' म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी हा प्रयोग करून पाहावा. :)

सडेतोड

हे सगळं इंग्रजीचं रडगाणं आहे. इंग्रजीत लिहायचं एक, बोलायचं भलतंच, म्हणून त्यांना एवढं संशोधन लागतं. देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो. अक्षरं आली की वाचन आलं. आपल्याला या प्राध्यापकांची गरज नाही.

शर्वरी_भाषा

सडेतोड, 'जसं बोलतो तसं लिहितो' हे अर्धंच खरं आहे.

'चमचा' आणि 'चरण' म्हणून पाहा. च एकच, आवाज दोन. ज आणि झ चंही तेच. 'करवत' लिहिताना चार अक्षरं, उच्चारताना र आणि व यांच्यातला 'अ' गळतो, ते कागदावर कुठेच दिसत नाही. 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो. 'आणि' चा णि ह्रस्व आणि 'पाणी' चा णी दीर्घ हे कानाला कळतच नाही. ज्याला ते बरोबर लिहिता येतं त्याने ते वाचूनच स्मरणात ठेवलेलं असतं. ही एरी म्हणतात तीच स्मृती.

आणि ही स्मृती कानावरसुद्धा राज्य करते. १९८० मध्ये एरी आणि विल्स यांनी चौथीतल्या मुलांना शब्दांतले आवाज सोंगट्यांनी मोजायला लावले. 'रिच' आणि 'पिच' या इंग्रजी शब्दांत आवाज सारखेच, पण 'पिच' च्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक 'टी' आहे. मुलांनी 'पिच' मध्ये एक आवाज जास्त मोजला. त्यांना तो 'टी' ऐकू येत होता! आपल्याकडे कुणाही शिकलेल्या माणसाला विचारा, 'विशेष' मधला श आणि ष वेगळा म्हणतोस का? बरेच जण हो म्हणतील. रेकॉर्ड करून ऐकवा, फरक सापडणार नाही.

दुसरं, देवनागरीच्या अडचणी वेगळ्या आहेत. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर काम केलं. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. असे शब्द म्हणायला वाचकांना जास्त वेळ लागतो असं त्यांना दिसलं. आणि इंग्रजीत अक्षरं सव्वीस, इथे व्यंजनं गुणिले स्वरचिन्हं केलं तर चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. ऑक्सफर्डच्या प्राध्यापक सोनाली नाग यांचं कन्नडवरचं काम (२००७) सांगतं की मुलांचं अक्षरज्ञान पहिलीत पुरं होत नाही, चौथीपर्यंत आणि पुढेही ते हळूहळू वाढत राहतं. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच. पहिलीच्या दिवाळीपर्यंत सगळी बाराखडी आलीच पाहिजे हा हट्ट कुठून आला?

टवाळ_मास्तर

पोटफोड्या 'ष' ने आजवर शुद्धलेखनाच्या वहीत किती लाल रेघा ओढायला लावल्या असतील! शर्वरीताईंचा प्रतिसाद छापून शिक्षकांच्या खोलीत लावतोय.

सडेतोड

'सिंव्ह' आत्ता चार वेळा म्हणून पाहिलं. मान्य. पण अक्षरांची संख्या जास्त आहे म्हणूनच बाराखडी लागते ना? चारशे अक्षरं सुटी सुटी कोण शिकवणार? बाराखडी म्हणजे तक्ता आहे, नियम आहे.

निशिगंध

रात्री लिहिते म्हटलं होतं, तेवढ्यात धागा कुठल्या कुठे गेला.

थोडं अवांतर, पण तक्त्यांचा विषय निघालाच आहे तर. 'क कमळाचा' या तक्त्यात कमळ एका बाजूला, क दुसऱ्या बाजूला. दोघांच्या आकारात काही नातं नाही. मूल कमळ बघतं, 'कमळ' म्हणतं आणि क कडे पाहतही नाही. 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' मध्ये तर ते अक्षर शब्दाच्या सुरुवातीलाही नाही. एरींनी १९८४ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. काही मुलांना चित्रातच अक्षराचा आकार गुंफलेली कार्डं दिली, काहींना चित्र वेगळं आणि अक्षर वेगळं. गुंफलेल्या चित्रांची मुलं अक्षर-आवाज जास्त चांगलं शिकली.

मी बालवाडीत शिकवते. 'न' चा आडवा दांडा आणि उभी रेघ अशी काढली की भिंतीतून आलेला नळच होतो, त्या गाठीला थेंब लोंबकळवायचा. 'र' चा वळणाचा रस्ता, खाली उतरणारा. काही दिवसांनी चित्राचे रंग पुसट करत न्यायचे, शेवटी नुसतं अक्षर उरतं. सगळ्या अक्षरांना असं चित्र मिळत नाही. ओढूनताणून करू नये.

वृंदा_विशेषशिक्षक

निशिगंध, न चा नळ उद्याच चोरणार आहे.

मी वाचन-अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करते. माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक मूल 'लक्ष देत नाही', 'आळशी आहे' असं बिरुद घेऊन येतं. एका मुलाला शाळेने बाराखडी वीस वेळा लिहून आणायला लावली होती. तो सुंदर अक्षरात लिहून आणायचा. त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं की 'पाट' मधला पहिला आवाज काढला तर काय उरेल? त्याला ते सांगता येत नव्हतं. अडचण तिथे होती आणि औषध हाताला चाललं होतं.

केंब्रिजच्या सुझन गॅदरकोल यांनी बॅडलींसोबत एक साधी चाचणी वापरात आणली: अर्थ नसलेला लांब शब्द ऐकवायचा आणि मुलाला तसाच म्हणायला सांगायचं. मला मुलं समजून घ्यायला या प्रकाराचा फार उपयोग होतो. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने सावरून घेतं, अनोळखी शब्दात ते जमत नाही. ज्याला आवाज धरून ठेवायला त्रास होतो त्याच्यावर आणखी घोकंपट्टी लादणं म्हणजे लंगडणाऱ्याला जास्त पळवणं.

पालकांना कळकळीने सांगते, थांबू नका. 'पुढे आपोआप येईल' म्हणत तिसरी-चौथी उजाडते, आणि तोवर मुलाची खात्री पटलेली असते की आपल्याला डोकंच नाही. वाचन शिकवता येतं, पण आपल्याला डोकं नाही ही खात्री पुसायला फार कष्ट पडतात.

मीरा_आई

वृंदाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलगी दुसरीत आहे. व्यक्तिगत निरोप पाठवते.

भाऊसाहेब_सातारा

सर्व प्रतिसाद नीट वाचले. गुरुजी, गुरं राखायला गेलेल्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आमच्या गावात तशी मुलं होती.

तरीही पाठांतराची बाजू मांडतो. अडगुलं मडगुलं, सांग सांग भोलानाथ, भोंडल्याची गाणी, हे सगळं पाठांतरच ना? त्याने मुलाचा कान तयार होतो असं माझं निरीक्षण आहे. तेही वाया म्हणायचं का?

शर्वरी_भाषा

भाऊसाहेब, इथे संशोधन पूर्ण तुमच्या बाजूने आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलेल्या कामात चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक आणि आरंभीचा आवाज किती ओळखता येतो हे आधी पाहिलं, मग काही वर्षं त्यांच्या वाचनाचा माग ठेवला. ज्यांचा कान आधी तयार होता ती मुलं वाचनात पुढे राहिली. शिवाय ज्या मुलांना आवाजांच्या वर्गवारीबरोबर अक्षरंही हाताळायला दिली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणजे भोंडल्याची गाणी हवीतच. नुसत्या गाण्यावर थांबू नये, अक्षर त्याला जोडावं.

जिप_गुरुजी

अगदी. आणि कानावरून आठवलं, आमच्या मुलांचा कान वारली बोलीवर तयार झालेला असतो. पुस्तकातली मराठी त्यांना परकी. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये सांगितलं होतं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. माझ्या वर्गात एखादं पोर 'कमळ' खणखणीत वाचतं, पण त्याला पुस्तकातल्या चित्रापलीकडे कमळ माहीत नसतं. 'मोह', 'डोंगर', 'खेकडा' लिहिला की तेच पोर दुसऱ्याला समजावून सांगतं.

आमच्याच भागात, वाड्याजवळ सोनाळ्याला 'क्वेस्ट' ही संस्था आहे. मराठीसाठी वाडा आणि कन्नडसाठी कर्नाटकातलं यादगीर अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास झाला, त्यात त्यांचा सहभाग होता. तिसरीतही कितीतरी मुलं अक्षरांतच अडकलेली दिसली. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाचे आकडेही तेच सांगतात. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतात तिसरीतली जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. पाच वर्षं झाली की दहा वर्षं, आपण या आकड्यांभोवतीच फिरतोय. मला त्याचा संताप येतो.

रेवा_न्यूजर्सी

गुणाकाराचा मुद्दा इथल्या रविवारच्या मराठी शाळेला तंतोतंत लागू. आमची मुलं लिपी पटकन शिकतात, कारण अक्षर म्हणजे आवाज ही किल्ली इंग्रजीतून आधीच मिळालेली असते. मग 'परडी', 'ओसरी' असले शब्द सुरेख वाचून माझ्याकडे बघत बसतात. तुमच्याकडे बोली वेगळी, आमच्याकडे घरात मराठीच थोडी. दोन्हीकडे आधी बोलणं वाढवायला हवं.

सडेतोड

माझा प्रश्न अजून तसाच आहे. चारशे अक्षरं, बाराखडी न म्हणता, कशी शिकवायची? टीका सगळे करताहेत. पद्धत सांगा.

मृदुला_एस

सडेतोडनी बरोबर जागी बोट ठेवलं. बाराखडीतला नियम मुलाला कळायलाच हवा, क ला जो काना लागतो तोच म ला लागतो हे. माझा आक्षेप रांगेला आणि सुराला आहे. गुरुजी, तुम्ही वर्गात नेमकं काय करता? जूनमधला पहिला महिना कसा असतो?

जिप_गुरुजी

लिहितो. हे माझं एकट्याचं डोकं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत कितीतरी वर्षं या दिशेने काम केलंय आणि महाराष्ट्रातले बरेच शिक्षक त्यातून शिकलेत.

अ पासून ज्ञ पर्यंत जायचं नाही. थोडी अक्षरं आणि एक चिन्ह असा गट घ्यायचा, ज्यातून लगेच शब्द तयार होतील. माझा पहिला गट क, म, र, न आणि काना. यातून काका, मामा, काम, नाक, कान, मान, रान, मका, नाका, कमान एवढे शब्द मिळतात. पहिल्या आठवड्यातच मूल खरा शब्द वाचतं आणि तो त्याच्या घरातला असतो. आधी तोंडी खेळ: 'नाक' मधला ना काढून का घाल, काय झालं? काक. पोरं हसतात. मग तेच अक्षरकार्डांनी.

काना कळला की तो एका व्यंजनावर थांबवायचा नाही, गटातल्या सगळ्यांना लावून पाहायचा. म्हणजे सडेतोड म्हणतात तो नियम हाताला लागतो, रांग न लागता. दुसऱ्या गटात ल, स, ब आणि दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा, शर्वरीताईंनी कारण वर दिलंच आहे.

आणि शुक्रवारी 'रमान', 'कनाम' असे खोटे शब्द फळ्यावर लिहितो. पाठ केलेलं तिथे चालत नाही, वाचावंच लागतं. पोरांना हा खेळ सर्वांत प्रिय आहे. आता ती स्वतः खोटे शब्द करून मला वाचायला लावतात.

सडेतोड

हे पटलं. भाचीच्या मुलासाठी कार्डं करतो आजच. तिसरा गट कोणता?

निशिगंध

गुरुजी, जोडाक्षरांचंही लिहा ना. 'क्य', 'स्त' ठीक, पण रफार आणि 'ट्र' मधला र मुलांना एकच आवाज वाटत नाही.

जिप_गुरुजी

तिसरा गट प, ट, ग, ळ आणि एक मात्रा. 'गोळा' साठी काना-मात्रा लागतो, तो त्याच्याच पाठोपाठ.

जोडाक्षरं दुसरीत. निशिगंधताई, र चे चारही प्रकार एका दिवशी कधीच घेऊ नका. 'सूर्य', 'पर्वत' वाला रफार आधी, त्याचे पुरेसे शब्द वाचून झाल्यावर 'चक्र', 'ग्रह', आणि 'ट्रक', 'ड्रम' शेवटी. 'कुऱ्हाड' वाला र त्याहूनही नंतर. शब्दांच्या याद्या वहीत आहेत, रविवारी टंकून इथेच टाकतो.